साक्षीला जाताय? नाव, गाव, फोन सांभाळून कसं जायचं

पारोळ्याकडचे एक आप्पा मागच्या पावसाळ्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसले. खुनाच्या खटल्यातले साक्षीदार. खिशातून समन्सची घडी काढली, टेबलावर हाताने सपाट केली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मना नंबर त्यासले कसा भेटना?" आरोपीच्या नातलगांचे आठवडाभर फोन येत होते. शिवी नाही, उघड धमकीही नाही. "आप्पा, बरं चाललंय ना? धाकटा धुळ्याला शिकतो ना?" एवढंच विचारून फोन ठेवायचे. आप्पांची झोप उडाली होती. कुणीतरी पैसे घेऊन नंबर दिला, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मी दोषारोपपत्राची, म्हणजे चार्जशीटची, प्रत उघडली. आप्पांच्या जबाबाच्या पहिल्या दोन ओळींतच सगळं होतं: नाव, वय, धंदा शेती, राहणार अमुक, आणि मोबाईलचे दहाच्या दहा आकडे. पाठीमागे आधार कार्डाची झेरॉक्स, तीही अख्खी. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत द्यावी लागते, तो कोर्टात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३० तसं सांगतं. नंबर कुणी विकला नव्हता. तो कायद्याच्या सरळ रस्त्याने गेला होता, कारण जबाब लिहिताना "हा इथे नको" असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी साक्षीदारांना जे सांगत आलो ते इथे लिहून काढतोय. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात पहिल्यांदाच साक्षीदार किंवा पंच म्हणून ज्यांचं नाव कागदावर चढणार आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी हे समजून घ्या

आपल्याकडे एकेकाळी फौजदारी खटल्यात ज्युरी बसायची, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष हे सांगणारा साध्या नागरिकांचा गट. नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला आणि हायकोर्टाने तो फिरवला, हे पुष्कळांना माहीत असतं. पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि ज्युरी संपली. जिथे ज्युरी आजही आहे तिथे ज्युररची नावं झाकण्यावर बराच विचार झालाय. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली अमली पदार्थांच्या एका मोठ्या खटल्यात ज्युररची नावं आणि पत्ते दोन्ही बाजूंच्या वकिलांनाही दिले नव्हते.

आपल्याकडे खटल्यात ओढला जाणारा साधा माणूस म्हणजे साक्षीदार आणि पंच. त्याची अडचण ज्युररपेक्षा मोठी आहे. ज्युरर ऐकून निकाल देतो. साक्षीदाराला आरोपीसमोर उभं राहून बोलायचं असतं, आणि साक्ष झाल्यावर त्याच गावात, त्याच शिवारात परत जायचं असतं.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याविरुद्ध कोण काय बोलतंय हे कळण्याचा आरोपीला हक्क आहे आणि तो असायलाच हवा. पुरावा आरोपीच्या समोर नोंदवायचा हा नियम आहे. त्यामुळे बहुतेक खटल्यांत तुमचं नाव झाकलं जाणार नाही. झाकता येतं ते बाकीचं: फोन नंबर, घराचा नेमका पत्ता, आधार, कामाचं ठिकाण, मुलांची शाळा, तुमचा फोटो, कोर्टात येण्याजाण्याची वेळ. धोका मोठा असेल तर नावसुद्धा झाकण्याची सोय कायद्यात आहे. पण यातलं काहीही आपोआप होत नाही. मागावं लागतं, आणि वेळेत मागावं लागतं.

पहिली पायरी: पोलिसांना कुठे भेटायचं

शहरात दारापुढे पोलिसांची गाडी थांबली तर शेजारी खिडकीतून बघतात. गावात तीच गाडी ओट्यासमोर दहा मिनिटं उभी राहिली, तर दिवेलागणीपर्यंत साऱ्या गल्लीला कळतं आणि रात्रीत गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. खानदेशात साक्षीदाराचं नाव पहिल्यांदा फुटतं ते असं. कोर्टाचा कागद त्यानंतर कित्येक महिन्यांनी येतो.

महिला, पंधरा वर्षांखालचे, साठ वर्षांवरचे, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना जबाबासाठी घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्याकडे यायचं असतं. हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. त्यातच पुढे असंही आहे की अशा माणसाची स्वतःची तयारी असेल तर ती पोलीस ठाण्यात येऊ शकते. म्हणजे निवड तुमच्या हातात आहे. एखाद्या ताईला पोलीस घरी येणं सोयीचं वाटेल, दुसरीला दारात वर्दी नको असेल. तपासी अंमलदाराला फोनवरच सांगा: "साहेब, साध्या कपड्यात या, गाडी स्टँडवर लावा" किंवा "मी बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतोच, तेव्हा ठाण्यात येऊन जबाब देतो." माझा अनुभव असा की नीट शब्दांत सांगितलं तर दहातले आठ अंमलदार ऐकतात. त्यांनाही आपला साक्षीदार शेवटपर्यंत टिकलेला हवा असतो.

दुसरी पायरी: जबाब लिहिला जात असताना

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पुढचं सगळं याच अर्ध्या तासावर उभं असतं.

ठाण्यातला कारकून कॉम्प्युटरवर जुना जबाब उघडतो, वरचं नाव पुसून तुमचं घालतो आणि विचारत जातो. "नाव? वय? धंदा? राहणार? मोबाईल?" हे इतकं सवयीने चालतं की तुम्हीही सवयीनेच उत्तरं देता. तिथे थांबा आणि म्हणा: "साहेब, माझा नंबर आणि घर नंबर जबाबाच्या मजकुरात नको. समन्ससाठी लागतो तो वेगळ्या कागदावर लिहून देतो, तुमच्या डायरीत ठेवा."

पोलिसांना तुमचा नंबर लागतो हे खरं आहे. नव्या संहितेच्या कलम ६४ प्रमाणे समन्स बजावण्यासाठी पत्ता, ई-मेल आणि फोन यांची नोंदवही ठाण्यात किंवा कोर्टात ठेवायची आहे. पण ती नोंदवही आणि जबाब हे दोन वेगळे कागद आहेत. नोंदवहीची प्रत आरोपीला जात नाही, जबाबाची जाते. हा फरक अंमलदाराच्या लक्षात आणून दिला की तोही बहुतेक वेळा मान डोलावतो.

खोटा पत्ता किंवा बंद पडलेला नंबर मात्र कधीही देऊ नका. समन्स पोचलं नाही की वॉरंट निघतं, आणि मग वर्दीतला माणूस गावभर तुमचं नाव विचारत फिरतो. जे टाळायचं होतं तेच दुप्पट होतं. त्यापेक्षा घरातलं एक जुनं सिम या कामापुरतं चालू ठेवा. मुलांच्या शाळेत, बँकेत, भाऊबंदांकडे आणि गावाच्या ग्रुपवर असलेला नंबर यात गुंतवू नका.

ओळखपत्राची झेरॉक्स मागितली तर आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार काढून द्या. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मात्र आधारवर अख्खा पत्ताही असतो, हे विसरू नका. तुमचं पॅन कार्ड असेल तर ते द्या, त्यावर पत्ता नसतो. आणि ठाण्याबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मूळ कार्ड काउंटरवर ठेवून चहाला जाऊ नका. तिथे रांगेत तुमच्या मागे कोण उभं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

जबाब वाचून दाखवायला सांगा. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हा जुना नियम नव्या संहितेतही कायम आहे. सही मागितली तर तेवढं शांतपणे विचारा. आवाज चढवू नका.

आता एक गोष्ट जी फार थोड्यांना माहीत असते. जबाबातला एखादा भाग आरोपीला कळणं न्यायासाठी गरजेचं नाही आणि कळलं तर नुकसान होईल असं तपास अधिकाऱ्याला वाटलं, तर तो भाग आरोपीच्या प्रतीतून वगळावा अशी टीप तो दोषारोपपत्रासोबत मॅजिस्ट्रेटला देऊ शकतो. कलम १९३ मध्ये ही सोय आहे. तुम्ही फक्त एक साधा अर्ज द्यायचा: माझा राहता पत्ता, मुलगा शिकतो ते कॉलेज, मी ज्या जिनिंगमध्ये कामाला आहे तिचं नाव, हे वगळावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोचेचा शिक्का असलेला तो कागद पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

पंच म्हणून बोलावलं तर

"दोन मिनिटं या हो, सही करायची आहे," असं म्हणत चहाच्या टपरीवरून माणूस उचलून पंच केला जातो. पंचनामा म्हणजे नुसती सही नव्हे. दोन-तीन वर्षांनी त्याच सहीसाठी समन्स येतं. झडती आणि जप्तीचं आता चित्रीकरण करावं लागतं, कलम १०५ मुळे. म्हणजे तुमचा चेहरा आणि आवाज दोन्ही नोंदले जातात.

पंच होणं नाकारू नका. सबळ कारण नसताना नकार देणं हाही गुन्हा आहे, आणि खरा पंच मिळाला नाही तर खटले पडतात. पण मुद्देमाल ज्या घरातून निघाला ते तुमच्याच भावकीतलं असेल, किंवा तुमची शेती त्यांच्या बांधाला बांध लागून असेल, तर ते तिथेच सांगा. अंमलदार दुसरा पंच शोधेल. पंचनाम्यातही नाव आणि गाव पुरेसं असतं, मोबाईल नंबर वेगळ्या कागदावर देण्याची विनंती करा. आणि कुणी आपल्या मोबाईलवर तुमचा व्हिडिओ काढत असेल तर पोलिसांना तिथल्या तिथे सांगा. सरकारी चित्रीकरण वेगळं, बघ्यांचं वेगळं.

फिर्याद तुम्हीच दिली असेल तर

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा असतो. त्यात फिर्यादीचं नाव आणि पत्ता असतो. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि इतर संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. तुमचा गुन्हा या यादीत थेट बसत नसला तरी संवेदनशील वाटत असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे तसा अर्ज करा. न टाकण्याचा निर्णय त्याखालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही, म्हणून ठाणे अंमलदाराशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. आणि उशीर करू नका. एकदा पीडीएफ उतरवली गेली की ती ग्रुपमधून परत येत नाही.

महामार्गावरच्या अपघाताबद्दल थोडक्यात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, तेव्हा अपघात आपल्याकडे रोजचेच. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला आपलं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं २०१९ साली घातलेलं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्यानेच ठरवायचं. नाव निघेल म्हणून रस्त्यावर पडलेल्या माणसाला सोडून कुणी पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

धमकी आली तर

पहिलं काम: फोन कापू नका, बोलू द्या, रेकॉर्ड करा. मेसेज आला तर पुसू नका, स्क्रीनशॉट काढून तो घराबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाला पाठवून ठेवा. समोरासमोर कुणी बोललं तर त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, आजूबाजूला कोण होतं, आणि नेमके शब्द. अहिराणीत बोलले असतील तर अहिराणीतच लिहा. "धाकटा धुळ्याला शिकतो ना?" हे वाक्य कागदावर निरागस दिसतं. ज्याने याआधी कधी फोन केला नाही त्याने साक्षीच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेदहाला ते विचारलं, हे लिहिल्यावर न्यायाधीशांना त्याचा अर्थ कळतो.

खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आरोपी जामिनावर असेल तर सरकारी वकिलांना लगेच कळवा. साक्षीदारांवर दबाव आणला म्हणून जामीन रद्द होऊ शकतो. जिवावर बेतलंय असं वाटलं तर ११२ लावा, अर्जाची वाट बघत बसू नका.

त्यानंतर मुख्य अर्ज. सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती देशभर कायद्यासारखी लागू केली. आता नव्या संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक केलं आहे. २०१८ च्या योजनेत जिल्हा पातळीवर समिती आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि सरकारी अभियोगाचे जिल्ह्यातले प्रमुख सदस्य-सचिव. अर्ज या सदस्य-सचिवांमार्फत जातो. तुम्ही स्वतः, घरचं माणूस, तुमचा वकील किंवा तपास अधिकारी, कुणीही तो देऊ शकतं.

योजना सगळ्या गुन्ह्यांना नाही. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षा असलेले गुन्हे तिच्यात येतात. विनयभंग, पाठलाग यांसारखे महिलांवरचे काही गुन्हे शिक्षा कमी असली तरी येतात. धोक्याचे तीन वर्ग आहेत. जिवाला धोका हा पहिला. सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला धोका हा दुसरा. त्रास देणं आणि घाबरवणं हा तिसरा. आप्पांचं प्रकरण तिसऱ्यात बसत होतं. तिसरा वर्ग म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं असं समजू नका, त्यालाही संरक्षण आहे.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात असतो, पण वजन असतं ते मजकुराला. आप्पांच्या अर्जात आम्ही लिहिलं ते साधारण असं:

"मी सदर खटल्यात सरकार पक्षाचा साक्षीदार आहे. गेल्या आठ दिवसांत मला तीन वेगवेगळ्या नंबरांवरून सहा वेळा फोन आले. यादी सोबत जोडली आहे. फोन करणारा माझ्या मुलाच्या शिक्षणाचं ठिकाण सांगतो. मुलगा तिथे खोली करून एकटा राहतो. माझं शेत आरोपीच्या घराच्या रस्त्याला आहे, रात्री पाणी भरायला जावं लागतं. मला पुढीलप्रमाणे संरक्षण मिळावं: साक्षीच्या दिवशी घरापासून कोर्टापर्यंत व परत सोबत, आरोपीच्या नातलगांशी समोरासमोर गाठ पडणार नाही अशी बसण्याची व्यवस्था, रात्रीची गस्त, आणि माझा नवा नंबर कोणत्याही कागदावर न येणे."

बघा, यात "जिवाला धोका आहे, न्याय मिळावा" असलं मोघम काही नाही. काय झालं आणि काय हवं, एवढंच आहे. योजनेत मागता येण्यासारखं पुष्कळ आहे: फोन नंबर बदलून देणं, घराला कॅमेरा किंवा कुंपण, काही दिवस नातेवाइकाकडे किंवा दुसऱ्या गावी राहण्याची सोय, सरकारी वाहन, आणि खर्चासाठी साक्षीदार संरक्षण निधीतून मदत. ओळख झाकण्यासाठी वेगळा अर्जही करता येतो. तो मंजूर झाला तर नाव, वडिलांचं नाव, धंदा, पत्ता, इतकंच काय इंटरनेटवरच्या तुमच्या खुणासुद्धा सांभाळण्याची जबाबदारी पोलिसांच्या साक्षीदार संरक्षण कक्षावर येते, आणि कागदोपत्री तुमचा उल्लेख बदललेल्या नावाने किंवा एखाद्या अक्षराने होतो.

अर्जावर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवतात. तो पाच कामकाजाच्या दिवसांत यायचा असतो, आणि तो आल्यावर पुढच्या पाच दिवसांत अर्जाचा निकाल. तातडी असेल तर तोवर तात्पुरतं संरक्षण मागा. सुनावणी बंद दाराआड होते. आदेश एका वेळी तीन महिन्यांपुरता असतो, म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि संपण्याआधी मुदतवाढ मागा. आपल्याकडे साक्ष सहा-सहा महिने लांबते आणि संरक्षण मध्येच गळून पडतं, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. आदेश पटला नाही तर पंधरा दिवसांत फेरविचार मागता येतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे ते जिल्हा न्यायालयातच आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

कोर्टाचा दिवस

खानदेशातल्या एका कोर्टाच्या व्हरांड्यात, नाव घेत नाही, मी एक बाक बघितलाय. लाकडी, एक पाय हलणारा. त्याच्या एका टोकाला फिर्यादी मुलीची आई बसली होती. दुसऱ्या टोकाला आरोपीची आई, बहीण आणि दोन चुलते. मध्ये हातभर जागा. सकाळी साडेदहा ते दुपारी सव्वातीन त्या बाईने पदर तोंडाला लावून तिथेच काढले, पाणी प्यायलाही उठली नाही, कारण नळ त्यांच्या बाजूला होता. साक्ष त्या दिवशी झालीच नाही, तारीख पडली. बसायला वेगळी जागा मागता येते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही दुसऱ्या कामात होतो. ते मला अजून टोचतं.

म्हणून: आदल्या दिवशी पैरवी अंमलदाराला फोन करा. खटल्याच्या दिवशी कोर्टात पोलिसांचं काम बघणारा हा माणूस. त्याला सांगा, "मी आल्यावर सरकारी वकिलांच्या खोलीत बसणार, पुकारा झाला की मला तिथून बोलवा." पुकाऱ्यात शिपाई नाव आणि गाव मोठ्याने ओरडतो. नुसता साक्षीदार क्रमांक पुकारावा अशी विनंती सरकारी वकिलांमार्फत न्यायाधीशांना करता येते. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, आपला खटला कितवा आहे हे मोबाईलवर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावरून बघून घ्या, म्हणजे सकाळपासून व्हरांड्यात ताटकळावं लागणार नाही.

एसटीने येत असाल तर आरोपीच्या गावावरून येणारी गाडी टाळा. कुणी सोबत आणा, पण सोबतचा माणूस स्वतः त्याच खटल्यातला साक्षीदार नसावा. एकाची साक्ष दुसऱ्याने ऐकायची नसते.

लहान मुलं, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती, अपंग, मानसिक आजाराचे रुग्ण, आणि ज्यांना धोका असल्याचं ठरलंय असे साक्षीदार यांच्यासाठी वेगळी साक्ष-केंद्रं असावीत असे आदेश सुप्रीम कोर्टाने ११ जानेवारी २०२२ रोजी स्मृती तुकाराम बडदे खटल्यात दिले. हा खटला महाराष्ट्रातूनच गेलेला. अशा केंद्रात साक्षीदाराला आरोपी दिसत नाही आणि येण्याचा रस्ताही वेगळा असतो. तुमच्या जिल्ह्यात ते कुठे आहे हे सरकारी वकिलांना विचारा. तिथपर्यंत जाणं अवघड असेल, तोरणमाळ किंवा धडगावसारख्या डोंगरातून यायचं असेल, तर सरकारने ठरवलेल्या ठिकाणाहून व्हिडिओवर साक्ष घेण्याचीही सोय नव्या संहितेत आहे.

कठड्यात उभं राहिल्यावर

शपथ झाली की पहिलाच प्रश्न येतो: नाव, वय, धंदा, राहणार. भरलेल्या कोर्टात घर नंबर आणि गल्ली सांगायची गरज नाही. "साहेब, पत्ता लिहून दिला तर चालेल का?" असं थेट न्यायाधीशांना विचारा. गाव आणि तालुका सांगा, बाकी चिठ्ठीवर.

उलटतपासात बचावाचे वकील तुमच्या घरातल्या गोष्टींना हात घालतील. सून माहेरी का गेली, मुलाचं लग्न का मोडलं, कर्ज किती. खटल्याशी संबंध नसलेले, अब्रूला हात घालणारे किंवा नुसते अपमान करणारे प्रश्न थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशांना साक्ष अधिनियमाने दिलाय. तुम्ही भांडू नका. न्यायाधीशांकडे बघून म्हणा, "याचं उत्तर द्यायलाच पाहिजे का साहेब?" सरकारी वकिलाला हरकत घ्यायला तेवढा वेळ पुरतो. उत्तर द्या म्हणाले तर खरं तेच सांगा.

ज्यांचं नाव कुणीही घ्यायचं नाही

बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. पोक्सोतही मुलाची ओळख जपायची जबाबदारी कोर्टावर आहे, आणि साक्षीच्या वेळी मूल आरोपीसमोर येऊ द्यायचं नसतं. ओळख म्हणजे नुसतं नाव नाही. वडिलांचं नाव, शाळा, गल्ली, "अमक्या सरपंचांची पुतणी", यातलं काहीही. पीडिता हयात नसेल तरीसुद्धा, हे सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना खटल्यात सांगितलंय.

हे मी कळकळीने लिहितोय, कारण आपल्याकडे हे चुकतं ते बहुतेक वेळा प्रेमापोटीच. गाव पेटून उठतं, चौकात फोटोसह श्रद्धांजलीचा फलक लागतो, मोर्च्यात नावाच्या घोषणा होतात, स्टेटसला फोटो जातो. त्या घरात तिची धाकटी बहीण असते आणि तिला पुढची कितीतरी वर्षं त्याच नावाने ओळखलं जातं. फलक लावा, मोर्चा काढा. फोटो आणि नाव वगळून.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे खटले असतील तर कलम १५अ नीट वाचा किंवा वकिलाकडून वाचून घ्या. साक्षीदारांची नावं आणि पत्ते आदेशात, निकालात आणि लोकांना बघता येणाऱ्या कागदांत झाकण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला तिथे स्पष्ट शब्दांत दिलाय. प्रवासखर्चही मिळतो. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या भिल्ल आणि पावरा बांधवांना या कलमाचा मोठा आधार आहे, पण ते वापरलेलं मला फार कमी दिसतं.

निकाल लागल्यावर

साक्ष संपली तरी कागद फिरत राहतो. निकालपत्र ई-कोर्ट्सवर चढतं आणि त्यात "साक्षीदार क्रमांक ४, राहणार अमुक" असं सगळं असतं. युक्तिवाद चालू असतानाच सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या की निकालात माझा उल्लेख फक्त साक्षीदार क्रमांकाने व्हावा. निकाल झाल्यावर हे करणं अवघड जातं. सत्र न्यायालयाच्या निकालावर अपील झालं तर ते आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातं, तिथेही हाच अर्ज पुन्हा लागतो.

आप्पांच्या बाबतीत समितीने पंधरा दिवसांत आदेश दिला. साक्षीच्या दिवशी साध्या कपड्यातला एक हवालदार त्यांच्यासोबत होता, आणि ते दिवसभर सरकारी वकिलांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. घरून बांधून आणलेली कळणाची भाकरी आणि ठेचा त्यांनी तिथेच खाल्ला. चार वाजता साक्ष झाली. जाताना त्यांनी जुनं सिम फोनमधून काढलं, कागदात गुंडाळलं आणि पाकिटात ठेवलं. अपील झालं तर परत लागेल म्हणून फेकू नका, असं मीच सांगितलं होतं.